झोपमावशीचा कान

आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना मुलं झोपमावशी म्हणतात. तुम्ही सगळ्याजणी त्यांना ओळखता, तरी लिहिते. शिक्षण चौथी. नवरा लवकर गेला. सूतगिरणीत तेवीस वर्षं काम करून दोन मुली वाढवल्या आणि गिरणी बंद पडली तेव्हा बाहेरच्या खोलीत बारा गाद्या टाकल्या. दुपारी मुलं झोपली की मावशी मधोमध स्टुलावर बसून कपड्यांच्या घड्या घालतात. टीव्ही बंद, फोन लांब ठेवलेला.

"गिरणीत सूत कातणाऱ्या शेकडो चात्या फिरायच्या," त्या सांगतात. "आवाजाला कोण घाबरतंय? एखादी गप्प झाली की धावायचं."

माझी पाच वर्षांची लेक तिथे दीड वर्ष जात होती. एकदा तिला न्यायला गेले, तर दारातच मावशी म्हणाल्या, "ताई, पोरीचा श्वास झोपेत थांबतो. आज नऊदा थांबला. मग दचकून धाप टाकते. मी कुशीवर वळवते, पण डॉक्टरला दाखवा."

"अहो, घोरते ती! आजोबांवर गेलीये. घरी आम्ही इंजिनच म्हणतो तिला."

"इंजिन चालतंय तोवर ठीक हो. थांबतं त्याचं काय?"

शेजारी दोन आया उभ्या होत्या. मी पदवीधर, आणि चारचौघींत ही बाई मला शिकवणार? नाकाला मिरच्या झोंबल्या. "मावशी, मुलं सांभाळा, डॉक्टरकी नको," म्हणाले आणि घरी येऊन आपल्या आयांच्या याच ग्रुपवर लिहिलं: 'तळमजल्यावर मुलांना झोपेतून हलवून उठवतात आणि नसते आजार चिकटवतात.' मुलीला काढलं. आठवड्याभरात आणखी तीन मुलं गेली.

पुढचे चार महिने मी लेकीला आळशी म्हणत होते. वर्गात पेंगायची, चिडचिड करायची, अंथरूण ओलं करायची. त्यावरून एकदा हातही उगारला.

मग कान दुखतो म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. घशात बघून त्यांनी विचारलं, "घोरते का?" नवऱ्याने हौसेने फोन काढला. नातेवाइकांना हसवायला केलेला व्हिडिओ होता. डॉक्टरांनी आवाज मोठा केला. घरघर, घरघर, मग एकदम शांतता. त्या शांततेत माझा आवाज: "बघा, इंजिन स्टेशनात थांबलं!" आणि सगळ्यांचं हसणं.

डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या. "अकरा सेकंद," म्हणाल्या. मला वाटलं, जमीन दुभंगावी.

"पण सगळीच मुलं घोरतात ना?" नवरा म्हणाला.

"सगळी नाही. चाळीसच्या वर्गात तीन-चार जण नेहमी घोरतात, त्यातल्या एखाद-दुसऱ्याचा श्वास असा अडतो. मोठ्या मुलांतही आढळतं. दुर्मीळ नाही हे. फक्त शेजारी बसून मोजतो कोण?"

मोजणारी एक बाई मला माहीत होती.

झोपेची तपासणी झाली, टॉन्सिल आणि नाकामागची वाढलेली गाठ काढली. काल मी तळमजल्यावर गेले. भिंतीशी चार गाद्या गुंडाळून ठेवल्या होत्या. "मावशी, चुकलं माझं," मी म्हणाले.

"आता तोंड मिटून झोपते का?"

"हो."

"उताणी की कुशीवर?"

ते मी बघितलंच नव्हतं.

मावशींनी हातातली घडी पूर्ण केली. "आणा पोरीला. तिचा काय दोष? पण ताई, तुम्ही ग्रुपवर लिहिलेलं मी वाचलंय. चौथी झालीये माझी, वाचता येतं."

म्हणून इथेच लिहिते आहे. मी लिहिलं होतं ते खोटं होतं. तो व्हिडिओ खाली टाकला आहे, माझ्या हसण्यासकट. घरघर ऐकू नका, मधली शांतता ऐका. मग आपापल्या मुलांजवळ जरा बसा. आणि ज्यांनी माझं ऐकून मुलं काढली, त्यांनी मावशींना भेटा.

लेक उजव्या कुशीवर झोपली आहे. आत्ताच बघून आले.