चौथ्या नंबरचे दोघे

अप्पांचा पाय मोडला तेव्हा मी नववीत होते. कमलनगरहून आजूबाजूच्या खेड्यांना ज्या जीपा सुटतात, त्यातली एक अप्पांची होती. चाक बदलताना जॅक घसरला आणि गाडी पायावर आली. दोन ऑपरेशनं झाली, जीप विकावी लागली, आणि पुढची चार वर्षं आमचं घर एकट्या आईनं ओढलं. ती पहाटे उठून तुरीच्या रानात खुरपायला जायची. मी शाळेतून आले की भाकरी टाकायची आणि अप्पा बाजेवर बसून पीठ चाळून द्यायचे. गावभर ज्याच्या हॉर्नची ओळख होती तो माणूस चाळणी हलवत बसलेला मला बघवायचा नाही. ते मात्र म्हणायचे, "स्टेरिंगपेक्षा चाळणी सोपी हाय बघ. रिव्हर्स न्हाई, गिअर न्हाई."

आमच्या स्टँडचा एक रिवाज सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्टँडवर एक पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर जीपमालकांची नावं, जो ज्या क्रमानं स्टँडवर आला त्या क्रमानं. सकाळी गाड्या त्याच क्रमानं सुटायच्या. एक नंबर भरला की दोन, दोन भरला की तीन. सकाळी कॉलेजची पोरं, ऑफिसला जाणारे, बाजारकरी असतात, म्हणून वरच्या नंबरांना भरपूर सीट, म्हणजे प्रवासी, मिळत. खालच्यांची पाळी येईतो ऊन डोक्यावर आलेलं असायचं आणि स्टँडवर कुत्रं नसायचं. दुपारी पुन्हा एक नंबरपासून सुरुवात. म्हणजे खालच्या माणसाची दिवसाला एकच खेप, कधी तीही नाही.

ही पाटी दरवर्षी दसऱ्याला, गाड्यांची पूजा झाली की नव्यानं रंगवली जायची. जो सोडून गेला त्याचं नाव पुसायचं आणि खालचे सगळे एकेक नंबर वर सरकायचे. जो सरकला त्यानं पेढे वाटायचे. अप्पा चार नंबरला होते. त्यांचं नाव पुसलं तेव्हा खालचे एकोणीस जण एकदम वर सरकले. एवढे पेढे स्टँडवर कधी झाले नव्हते. त्यातलाच एक पुडा आमच्या घरी आला, आणि पायाला प्लॅस्टर घातलेल्या अप्पांनी स्वतःच्या जाण्याचे पेढे चवीनं खाल्ले. आईनं त्या पुड्याला हातही लावला नाही.

पुढं पाय सुधारला. मामांनी आपली जुनी जीप अप्पांच्या हवाली केली. अप्पा स्टँडवर गेले, तर त्यांना सांगण्यात आलं, नवीन गाडी म्हणजे शेवटचा नंबर. तेवीस. ज्यांनी स्टँड सुरू केलं त्या चौघांतला माणूस तेवीस नंबरला! अप्पांनी गाडी रांगेच्या शेवटाला लावली. दिवसभर गाडीत बसून पेपर वाचायचे. जाहिरातीसुद्धा पाठ झाल्या त्यांना.

मी तोवर कलबुर्गीला बीसीएला गेले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं कुणी नव्हतं, त्यामुळे मी हॉस्टेलात ताठ मानेनं राहायची आणि काही येत नसलं तरी येतं म्हणायची. त्यातूनच तो गेम माझ्या आयुष्यात आला.

माझी रूममेट बिदरच्या एका अधिकाऱ्याची मुलगी. तिच्याकडं हातात धरून खेळायचा गेम होता. रविवारी दुपारी जेवण झालं की ती पलंगावर पालथी पडून खेळायची. मारामारीचा गेम, पण साधा नव्हे. वेगवेगळ्या गेमांमधले गडी यात एकत्र आलेले. कुणी तलवारवाला, कुणी यंत्रमानव, कुणी गोल गुबगुबीत, कुणी जनावर. ऐंशीवर गडी, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नंबर.

"तुला येतं का?" तिनं विचारलं.

"येतं की," मी म्हणाले.

पाच डाव झाले, पाचही मी हरले. मी दर वेळी एक नंबरचा गडी घेत होते. मला वाटलं, एक नंबर म्हणजे सगळ्यात ताकदीचा.

ती हसून हसून लोळली. "अक्का, नंबर ताकदीचा नाही गं. आल्याचा आहे."

मग तिनं समजावून सांगितलं. या गेमचे कितीतरी भाग निघाले. पहिल्या भागात जे गडी होते त्यांना पहिले नंबर. दुसऱ्या भागात जे नवे आले त्यांना त्यांच्या पुढचे. असं करत करत शेवटच्या भागापर्यंत. एकदा दिलेला नंबर बदलत नाही.

"आणि हा बघ," तिनं एका छोट्या गड्यावर बोट ठेवलं. "हा मधल्या भागांत नव्हताच. काढून टाकला होता. परत आला."

"मग त्याला शेवटचा नंबर पाहिजे," मी म्हणाले.

"कामून? पहिल्यांदा आला तेव्हाचाच नंबर त्याचा. मध्ये नव्हता म्हणून काय झालं?"

मी गेम खाली ठेवला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन अप्पांना फोन लावला. ते नेहमीसारखे रिकाम्या गाडीत बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. अप्पा, तुम्ही परत आलात तरी तुमचा नंबर चारच. जगात असा नियम आहे.

"कुठल्या जगात?" अप्पांनी विचारलं.

"गेममध्ये."

ते खूप हसले. "तुला कॉलेजात हेच शिकवायलेत व्हय?" मग हसू आवरून म्हणाले, "पण त्या गड्याला खरंच जुना नंबर दिला का?"

त्या प्रश्नावरून मला कळलं की पेपर वाचत बसलेल्या माणसाच्या मनात काय चाललं होतं. मी ठरवलं, येत्या दसऱ्याला पाटी रंगवायच्या आधी आपण बोलायचं. रूममेट म्हणाली, "मी पण येते. पुरावा माझ्याकडं आहे."

दसऱ्याच्या सकाळी तेवीस जीपा रांगेत उभ्या. बॉनेटवर झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबू. नारळ फुटले, आणि रंगारी डबा उघडून पाटीसमोर बसला. स्टँडचे प्रमुख म्हणजे सगळ्यांचे अण्णा, एक नंबरचे. मी पुढं होऊन म्हणाले, "अण्णा, दोन मिनिटं बोलू का?"

"बोल की पोरी. ग्रॅज्युएट व्हायलीस, तुला कोण अडवतंय."

मी बोलले. अप्पा पहिल्या चौघांतले आहेत, आजारपणात नाव पुसलं, तो अन्याय झाला, चार नंबर त्यांचाच आहे. रूममेटनं गेम सुरू करून स्क्रीन फिरवली. ड्रायव्हर लोक माना खुपसून बघायला लागले. कुणी म्हणालं, "ह्यो जाड्या कोण हाय रे?" कुणी म्हणालं, "आपल्या सतरा नंबरवाल्यागत दिसतोय." हशा झाला.

सध्याचे चार नंबरवाले हसले नाहीत. औरादकडचे, पिळदार मिशीचे, जिभेला धार. ते म्हणाले, "अच्छा! म्हणजे हे चार, मी पाच, माझ्यामागचा सहा. एकोणीस माणसं खाली सरकायची. वर सरकलो तवा पेढे वाटले. आता खाली सरकताना काय वाटायचं, कारलं?"

सगळं स्टँड हसलं आणि माझं तोंड उतरलं. मी अर्धाच गेम समजून घेऊन आले होते. गेममध्ये त्या गड्याची जागा कुणी घेतलेलीच नव्हती, म्हणून तो परत आल्यावर कुणाला हलावं लागलं नाही. आमच्याकडं एकोणीस जण त्या जागेवरून पुढं सरकून बसले होते. अप्पा मागून म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई, चल." रंगाऱ्यानं ब्रश बुडवला.

तेवढ्यात रूममेट म्हणाली, "थांबा. एका नंबरला दोघं पण असतात." तिनं दोन गडी दाखवले. दिसायला, लढायला जवळजवळ सारखे. दुसऱ्याला वेगळा नंबर नाही. पहिल्याचाच नंबर, शेजारी एक बारीक खूण.

"म्हणजे काका," मी चार नंबरवाल्यांना म्हणाले, "तुम्ही चारच. अप्पा पण चार, शेजारी खूण. कुणी सरकायचं नाही."

"आन् सकाळी आधी कुणाची गाडी सुटायची? माझी का खुणेची?"

आता मात्र मला उत्तर माहीत होतं, कारण पाच डाव हरून ते शिकले होते. "काका, या गेममध्ये नंबराचा आणि पाळीचा काही संबंध नाही. नंबर म्हणजे तुम्ही कधी आलात ते. खेळायला कुणीही आधी उतरतो. आपण पण दोन्ही वेगळं करू. पाटीवर नंबर कायमचे. आणि गाडी सुटायची पाळी फिरती. आज जिथं रांग थांबली, उद्या तिथून सुरू."

खालच्या नंबरांमध्ये एकदम जान आली. एकवीस नंबरवाले ओरडले, "बरोबर बोलायलीय!" वरच्यांची तोंडं वाकडी झाली. त्यांची सकाळची गर्दी जाणार होती, ते कशाला हो म्हणतील? अण्णा मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटत होते.

मग अप्पा पुढं आले. लंगडत आले, कारण जास्त वेळ उभं राहिलं की त्यांचा पाय अजून धरतो. चार नंबरवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझा गुडघा कसा हाय आता?"

"हाय तसाच. चढ-उतार जमत न्हाई."

"उद्या बसला तर? सहा महिने घरी बसलास, तर ही पोरं तुझ्या नावावर पेढे खातील. परत आलास की तेवीस. मी बघितलंय तिथून स्टँड कसं दिसतं. तू बघू नको."

चार नंबरवाल्यांनी आपला गुडघा चोळला. इतरांतही कुणी आपली पाठ चाचपत होतं, कुणी चष्मा पुसत होतं. पन्नाशीच्या पुढचे होते सगळे वरचे नंबर. अखेर चार नंबरवाले म्हणाले, "अण्णा, लिहा दोघांचं. पण खूण बारीक काढा, माझ्या नावापेक्षा मोठी नको."

अण्णांनी हात वर करायला सांगितलं. खालच्यांचे तर आलेच, वरचेही एकेक आले. शेवटचा हात अण्णांचा स्वतःचा. रंगाऱ्यानं विचारलं, "खूण कसली काढू?" कुणी म्हणालं चांदणी, कुणी म्हणालं फुली. आईनं, जी तोवर गर्दीच्या कडेला पदर तोंडावर धरून उभी होती, पहिल्यांदाच तोंड उघडलं. "स्टेरिंग काढा," ती म्हणाली. रंगाऱ्यानं एक छोटा गोल काढून त्यात तीन रेघा मारल्या.

नंतरचा तासभर अण्णा आणि औरादचे काका जीपच्या बॉनेटवर तो गेम खेळत होते. दोघंही एक नंबरचाच गडी मागत होते, आणि रूममेट कपाळाला हात लावून बसली होती.

ही गोष्ट होऊन तीन वर्षं झाली. त्या दिवसापासून पाटीवरचं एकही नाव पुसलं गेलेलं नाही. मध्ये दोन जण आजारी पडले, बरे होऊन आपापल्या नंबरावर परत आले. पाळी रोज फिरते. अप्पांच्या दिवसाला तीन खेपा होतात. आई आता रानात जात नाही. मी बीसीए पहिल्या वर्गात पास झाले, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि भालकीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते.