अंबाड्यातली माशी

पक्षीकेंद्रात तिला सगळे चिमटाबाई म्हणत. दलदलीत अभ्यासासाठी लावलेल्या जाळ्यांत अडकलेली परदेशी पाखरं सकाळी तिच्या टेबलावर येत आणि त्यांच्या अंगावरची घाण वेचणं हे तिचं काम. दुर्बिणी लावून या पाखरांना बघत हरखणाऱ्या लोकांनी एकदा त्यांचे पंख उलटून बघावेत. पिसांना चिकटलेल्या लिखा, मानेवर वळवळणाऱ्या उवा, डोळ्यांच्या कडेला रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडी. पाखरू बिचारं हजारो कोस उडतं, आणि हे फुकटे अंगावर बसून जेवत येतात. चिमटाबाई एकेकाला चिमट्याने उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. एकोणीस वर्षं झाली, तरी दुपारचा डबा ती निम्मा परत न्यायची.

सगळ्यांत ओंगळ ती चपटी माशी. पाखरू हातात धरलं की ती पिसांतून निघते, खेकड्यासारखी तिरकी पळते आणि माणसाच्या केसांत घुसते. म्हणून केंद्रातल्या दोघी बायका निघण्याआधी पांढऱ्या कागदावर एकमेकींचे केस विंचरून देत. त्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नसत.

त्या दिवशी जोडीदारीण रजेवर होती आणि चिमटाबाईला घाई होती. लेक सोमवारपासून कामावर जाणार होती. पाच महिन्यांची नात आजीकडे ठेवायची की पाळणाघरात, हे अजून ठरत नव्हतं. आजी तर नोकरीवर लाथ मारायला टपलेलीच होती. त्या दुपारी लेक रंगीत तालीम म्हणून बाळाला घेऊन येणार होती. चिमटाबाईने स्वतःच्याच डोक्यावरून दोनदा फणी फिरवली, अंबाडा बांधला आणि घर गाठलं.

कपडे बदलून, हात कोपरापर्यंत धुऊन तिने नातीला मांडीवर घेतलं. पोरगी आजीचं बोट मुठीत धरून खुशीत होती. लेकीच्या कपाळावरची आठीसुद्धा सैल झाली होती. तेवढ्यात बाळाच्या कपाळावरून काहीतरी तपकिरी, चपटं, तिरकं पळालं.

लेकीने रुमालाने ते झटकून खाली पाडलं आणि चप्पल घालून रगडलं. पाय उचलल्यावर ते पुन्हा सरळ झालं आणि चालायला लागलं. लेक दोन पावलं मागे सरली. चिमटाबाईने ते बोटांनी उचलून नखांत चिरडलं, सवयीने, तोंडाची रेषही न हलवता. लेक त्या बोटांकडे बघत राहिली.

"हे काय आहे? कुठून आलं?"

खिडकी सताड उघडी होती. तिकडे नुसतं बोट दाखवलं असतं, तरी भागलं असतं. नोकरी सुटली की माशीही सुटणार होती, मग खरं सांगून मिळवायचं काय? पण डोकं अजून कुणी तपासलेलं नव्हतं, आणि मांडीवर बाळ होतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"माझ्या केसांतून," ती म्हणाली. "आज कुणी बघून दिले नाहीत. अजून एखादी असेल. उचल पोरीला."

लेक वाकली. बाळ आजीचं बोट सोडेना. लेकीने ती इवली बोटं एकेक करून सोडवली, पोरीला कडेवर घेतलं आणि ओल्या फडक्याने तिची मूठ पुसून काढली.

"अजून एकदा पूस," चिमटाबाई म्हणाली.