हद्दीबाहेर राहिलेलं घर

जव्हारच्या आश्रमशाळेने मला अक्षर दिलं, त्या अक्षराने मोजणीची नोकरी. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हे उपकार मी विसरत नाही. म्हणूनच एका पाड्यावरची मोजणी लिहून ठेवतो.

भूकंपाच्या धक्क्यांनी एका विधवा आजीच्या घराची मागची भिंत फाटली होती. घर तिच्या वनपट्ट्यात, म्हणजे वनहक्काने नावावर झालेल्या जमिनीत, असेल तरच नवं घरकुल मिळणार होतं. मी रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, उभा केला. पक्क्या खांबांवर बसवलेली केंद्रं देशभर आहेत. ती रात्रंदिवस उपग्रहांचे संकेत घेतात आणि आमच्या रोव्हरची चूक सुधारतात. जमीन सरकली तर तेही त्यांनाच आधी कळतं, अगदी बोटभर सरकली तरी.

घर पट्ट्याच्या रेषेबाहेर निघालं. अकरा पावलं. मी पुन्हा मोजलं. तेच.

"सायेब, तुमचा डबा वरच्यांना इचारतो," शेजारचा म्हातारा हसला. "खालच्या म्हातारीला इचारा की, चूल कुठं हाय ती."

मला विचारायची गरज नव्हती. कॉलेजात असताना, पट्ट्याच्या दाव्यासाठी, हातातलं छोटं यंत्र घेऊन आजीच्या नवऱ्याबरोबर ही हद्द मीच चाललो होतो. वाघोबाच्या दगडाशी आल्यावर आजोबा अलीकडूनच वळले. देवाला माणसाच्या हद्दीत घ्यायचं नसतं, हे माझ्या बापानेही मला शिकवलेलं. मीही वळलो. दगडाला लागून असलेलं त्यांचं घर बाहेर राहिलं आणि माझ्या ध्यानातही आलं नाही. तोच नकाशा मंजूर झाला. आजोबा पुढे वारले.

मी आजीला सगळं सांगितलं. ती भिंतीला दिलेल्या टेकूकडे बघत होती.

"मंग असं लिव ना बाबा, जमीन हालली, रेघ सरकली."

"आजी, एवढी नाही सरकली. केंद्राला कळतं ते."

"त्याला कळतं," ती म्हणाली. "तुला नाय कळलं तवा."

पंचनाम्यात मी घर हद्दीबाहेर असल्याचं लिहिलं. नकाशा दुरुस्तीच्या अर्जात माझी चूकही लिहिली. कार्यालयात माझ्या साहेबांनी ते पान काढून ठेवलं. "देवाचं कारण चालत नाही," म्हणाले.

श्रावणात भिंत पडली, मग छप्पर. घरच नसल्याने दुरुस्तीचा अर्ज निकाली काढल्याचं पत्र पाड्यावर मीच नेलं. आजी लेकीबरोबर वीटभट्टीवर निघून गेली होती. शेजारच्या म्हाताऱ्याने पत्र हातात घेतलं नाही.