शटडाऊन नव्हताच

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी ओमानमध्ये दुक्मला रिफायनरीत फिटर आहे. आमच्याकडे अधूनमधून शटडाऊन असतो, म्हणजे प्लांट थांबवून दुरुस्ती. तेव्हा कुणालाच रजा नाही. गुहागरकडच्या आमच्या गावात हा शब्द आता पोराटोरांनाही माहीत झालाय. 'शटडाऊन आहे' म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, उलट हळहळतात. किती सोयीचं, नाही?

त्या वर्षी बाबांची नजर चालली होती. काचबिंदू. दादाने फोनवर स्पष्टच सांगितलं — डॉक्टर म्हणतात, फार तर काही महिने. आणि बाबांनी एकच धोशा लावलाय, धाकट्याला डोळे भरून बघायचंय. माझी रजा मंजूर होऊन हातात होती. मी म्हणालो, शटडाऊन लागलाय, पुढच्या वर्षी इन्शाल्ला.

आणि मी पोर्ट ऑफ स्पेनला गेलो.

कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटाची ती राजधानी. आमच्या कॅम्पवरचा वेल्डर केल्विन तिथला. कार्निव्हलला माझ्या घरी ये, असं तो दोन वर्षं म्हणत होता. गावी जायचं म्हणजे काय — छपराचे पत्रे बदला, लोकांची पार्सलं वाटत फिरा, आणि आता बाबा भिंत चाचपत चालताना बघा. तेच मला बघवणार नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं आहे ते. मला मजा करायची होती.

आणि ती मी केली. अंगाला रंग आणि चिखल फासून सगळं शहर पहाटेपासून रस्त्यावर होतं. केल्विनची साठीची आई माझ्यापुढे नाचत होती. कोपऱ्यावर मऊ पुऱ्यांत चण्याची उसळ घालून देत होते. उभ्याउभ्या चार खाल्ल्या. वाद्यं तेलाच्या पिंपांची — आमच्या यार्डात गंजत पडतात तसलीच! त्यातून इतकं गोड काही निघतं? इतका हलका मी आधी कधी झालो होतो, आठवत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. तिथे सकाळचे आठ, गावी संध्याकाळ. दादाच्या फोनवरून व्हिडिओ कॉल. माझ्या तोंडाला निळा रंग होता. मी कॅमेरा बंद करूनच फोन घेतला.

"तोंड दाखव रे जरा," बाबा म्हणाले. "आज बरं दिसतंय मला."

मी म्हटलं, नेट नाही, चित्र येणार नाही. मागे आवाज कसला, त्यांनी विचारलं. साइटवर पिंपं ठोकतायत, म्हणालो. बरं, कामाला लाग, म्हणाले — पण फोन ठेवीनात. मलाच ठेवावा लागला. शेजारीच नळ होता. तोंड धुऊन, एखाद्या भिंतीला पाठ लावून, पाच मिनिटांत परत फोन करता आला असता. मी नाचायला गेलो.

पुढच्या रजेत गेलो तेव्हा त्यांना उजेडसुद्धा कळत नव्हता. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाले, वाळलास रे. त्यानंतर ते तीन वर्षं होते. म्हणजे सांगायला मला तीन वर्षं होती.

त्याच रजेत एकदा शेजारचे काका चहाला आले. बोलता बोलता म्हणाले, बाप एवढा बोलवत होता, तरी आला नाहीस. बाबांना तो बोल लागला.

"त्याला सोडलं नाही तिथे," ते म्हणाले. "रजा मिळती तर हा धावत आला असता." मग मी बसलो होतो त्याच्या जरा डावीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "होय ना रे?"

मी होय म्हणालो.