खारं म्हणून पडीक

हे आजवर कोणापाशी बोललो नाही. तसा मी बोलण्यात कमी नाही. वरवट बकालच्या टपरीवर माझं तोंड सुरू झालं की उकळता चहासुद्धा थांबून ऐकतो! पण हे — नाही.

समुद्रापासून शेकडो कोस लांब, संग्रामपुरात घरी बसून मी नकाशे करणाऱ्या एका ऑफिससाठी उपग्रहाचे फोटो रंगवायचो. कोकणातल्या खाड्यांचा नकाशा. मासळीची पिल्लं वाढतात ती दलदल हिरवी, पडीक जमीन करडी. हिरव्याला संरक्षण. करड्याला कोण विचारतो? शंका आली तर स्वतः जाऊन पाहायचं.

एका गावच्या खाजणाबद्दल, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीबद्दल, ऑफिसनं जाऊन यायला सांगितलं. मला कसली शंका? फोटोत पांढरट, खारवलेला चिखल. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणीसुद्धा खारं, असल्या जमिनीला कुत्रं विचारत नाही. दिला करडा. चार दिवस जळगाव जामोदला सासुरवाडीत पुरणपोळ्या हाणल्या आणि लिहून दिलं — प्रत्यक्ष पाहणी केली.

टपरीवर सांगताना तर मी त्या चिखलात गळ्यापर्यंत रुतलो होतो, खेकड्याच्या नांगीत बैलगाडीचं चाक मावत होतं!

"समुद्र तरी पाह्यला का बे?"

"पाह्यला? अर्धा पिऊन आलो!"

हसले सगळे बिनडोक. आणि त्या हसण्यावर फुगणारा मी? त्यांच्याहून भिकार.

संरक्षित जागांची यादी लागली, खाजण तीत नव्हतं. पाहणी करणारा म्हणून ऑफिसातून माझा नंबर मिळवून तिथल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं फोन केला. "साहेब, भरतीला येऊन बघा. कोलंबीची पिल्लं तिथंच मोठी होतात. ते बुजलं तर आमच्या जाळ्यात काय येणार? आणि तुम्ही आलेलात, तर आम्हाला कसे नाय दिसलात?"

मी काय म्हणालो? "काका, मले खारी जमीन शिकवता काय? जन्म गेला माहा खाऱ्यात!"

फोन ठेवला आणि भरतीच्या वेळचा फोटो उघडला. करड्या चिखलभर पाणी, झाडाच्या मुळांसारखं पसरलेलं. कळलं — एका मिनिटात कळलं. रंग बदलायला तेवढाही वेळ लागला नसता. पण मग कोणीतरी विचारलं असतं ना, गेला होतास तेव्हा काय पाहिलंस? फोटो बंद केला.

काकांनी आणखी तीनदा फोन केला. मी उचलला नाही. पुढच्या फोटोत खाजणावर मुरमाचा भराव होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग फोन थांबले.

त्यांचा नंबर मी 'कटकट' नावानं ठेवला होता. अजून तसाच आहे.