अडलंय ते उत्तर

फळेकाका एरवी अगदी गरीब स्वभावाचे, पण ‘सोपं आहे’ हे दोन शब्द कानावर पडले की त्यांचं डोकं फिरायचं. कुणी सहज जरी म्हटलं, तरी चष्मा काढून त्या माणसाकडे असं बघायचे, जणू त्याने जेवणाच्या ताटात चप्पल ठेवली असावी.

फळे हे त्यांचं आडनाव नव्हे. नव्वदच्या दशकात, घरोघरी इंटरनेट येण्याआधी, डोंबिवलीतल्या आपल्या दोन खोल्यांत काकांनी मॉडेम नावाच्या डबीने फोनच्या लाइनला कॉम्प्युटर जोडून ठेवला होता. आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावला की तिथे साठवलेली पानं आपल्या पडद्यावर यायची. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी रोमन अक्षरांत, मोडक्यातोडक्या मराठीत प्रश्न टाकायचे, जाणत्यांनी उत्तरं लिहायची. एका वेळी एकालाच आत जाता यायचं. अशा सोयीला बुलेटिन बोर्ड म्हणत. काकांनी त्याचा फळा केला आणि आम्ही त्यांना फळेकाका केलं. संध्याकाळी दोन तास फोन फळ्याचा, बाकी वेळ काकूंचा. काकू मात्र हटकून त्याच वेळी बहिणीला फोन करायला रिसीव्हर उचलायच्या, कानात खरखर ऐकू आली की “आला बाई तुमचा बेडूक!” म्हणून आपटायच्या, आणि आत असलेला बिचारा अर्ध्या उत्तरावरून बाहेर फेकला जायचा.

काकांच्या ‘सोपं आहे’वरच्या रागाचं मूळ वागळे इस्टेटमध्ये होतं. तिथला त्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा स्टोअरमधले त्यांचे मित्र म्हात्रे चाळिशी ओलांडल्यावर हिंमत करून कॉम्प्युटरच्या क्लासला गेले. शिकवणारा पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, “अंकल, इतकं सोपं आहे, तरी नाही जमत?” म्हात्रे घरी आले ते पुन्हा गेलेच नाहीत. “जाऊंदे रे, आपल्या डोक्यात नाय ते,” एवढंच ते काकांना म्हणाले. काका ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बसायचा. “अवघड गोष्ट नाही आली तर माणूस पुन्हा प्रयत्न करतो,” ते म्हणायचे. “सोपी नाही आली की तो तोंड लपवतो.”

म्हणून फळ्यावरच्या कुठल्याही उत्तरात ‘सोपं आहे’ किंवा ‘फक्त एवढंच करा’ दिसलं की काका ते उतरवून लिहिणाऱ्याकडे परत पाठवायचे, मग तो केवढाही मोठा इंजिनीअर असो. नवीन माणसाला मात्र काहीच नियम नव्हता. त्याने कुठल्या ओळीपाशी गाडी थांबली तेवढं सांगायचं आणि पुढे लिहायचं, ‘अडलं’. बस्स. आणि उत्तर देणाऱ्याला काही सुचत नसेल तर? “येत नाही म्हणावं, त्यात लाज कसली,” काका म्हणायचे. “पण म्हणून निघून जायचं नाही. सोबत थांबायचं.”

रविवारी सकाळी त्यांच्या घरी जुन्या उत्तरांची साफसफाई चालायची. कॉम्प्युटरसमोर घरातली एकुलती एक हातांची खुर्ची असे, आणि तिच्यावर सगळ्यांत नवीन माणसाने बसायचं हा रिवाज. त्याने उत्तर मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी सतरंजीवर बसून ऐकायचं. पहिल्या रविवारी ती खुर्ची माझ्या वाट्याला आली. मी वागळे इस्टेटमध्येच एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. साहेब घरी गेले की ऑफिसच्या फोनवरून फळ्यावर जायची आणि मुकाट्याने नुसतं वाचायची. चार ओळी वाचून मी थांबले. पुढचं काही कळेना. टेंभी नाक्याचा साळवी, आमच्यातला सगळ्यांत हुशार आणि तितकाच आगाऊ, हसून म्हणाला, “अरे यार, हे तर एकदम सोपं...”

“साळवी,” काका शांतपणे म्हणाले, “अडलंय ते उत्तर. ती नाही.”

ते उत्तर साळवीनेच लिहिलेलं होतं. त्याने ते तिथल्या तिथे तीनदा बदललं, आणि तिसऱ्यांदा मला कळलं. आज माझी भाकरी त्या विद्येवर चालते, म्हणून सांगते, त्या सकाळी काका गप्प बसले असते तर मीही म्हात्र्यांसारखी घरी गेले असते.

मग एका पावसाळ्यात काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. ऐकलेलं सगळं कळायचं, बोलायला काही यायचं नाही. वाचा सुधारायला एक मुलगी घरी यायची. मनाने चांगली होती, पण कपाचं चित्र समोर धरून, लहान मुलाशी बोलावं तशी म्हणायची, “बोला काका, कप. सोप्पं आहे!” काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्या मुलीचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पुढच्या रविवारी साळवी आला तो स्वतः काढलेल्या चित्रांचा गठ्ठा घेऊन. घरातला तांब्या, काकूंचा चष्मा, बेडूक. त्याने काकांना आधार देऊन हातांच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सतरंजीवर बसला. “काका, सगळ्यांत नवीन तुम्ही,” तो म्हणाला. “जमलं नाही तर चित्र चुकलं. मी परत काढीन.” त्याने खरंच परत काढली, कितीतरी रविवार. असाच एकदा तांब्या समोर धरलेला असताना काकांचे ओठ बराच वेळ हलत राहिले, आणि आवाज फुटला, “अडलं.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. आयुष्यभर दुसऱ्यांना जे बेधडक म्हणायला शिकवलं, तेच काकांना पहिलं आलं, आणि पुढे तेवढंच आलं. पाणी हवं असलं तरी अडलं, पंखा नको असला तरी अडलं. आम्ही अंदाज करत राहायचो आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचो.

दिवाळी झाल्यावर दुसरा झटका आला, आणि काका दवाखान्यातून परतले नाहीत. फळा साळवीने आपल्या घरी नेऊन थोडे दिवस चालवला. मग इंटरनेट आलं आणि फळ्याला फोन लावणारं कुणी उरलं नाही. आता नेटवर शिकणाऱ्यांसाठी हजार ठिकाणं आहेत. पहिल्याच उत्तरात ‘इट्स सिंपल’ दिसतं आणि मला म्हात्रे आठवतात.

काकांच्या तेराव्यानंतर मी काकूंना भेटायला गेले होते. मॉडेम काढलेला होता, फोन दिवसभर त्यांचाच होता, आणि त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. मला म्हणाल्या, “झटका आला त्या दुपारी माझा हात घट्ट धरला होता गं यांनी. सारखं अडलं, अडलं म्हणत होते. पाणी दिलं, उशी सारखी केली, नाही म्हणून मान हलवत होते. मला कळलंच नाही. तुम्हा सगळ्यांना त्यांचं कळायचं ना? काय अडलं असेल गं त्यांचं?”

“काकू,” मी म्हटलं, “मला येत नाही.”

आणि त्यांचा हात धरून तिथेच बसून राहिले.