निघाला चोर!

आमच्या बायकोएवढी हुकमी बाई अख्ख्या काचीगुड्यात दुसरी झाली नाही. तिनं माझ्यासाठी शेवटचं काय केलं, तर दुपारी जेवण झाल्यावर मला मोरीत बसवलं, "आ करा" म्हणाली आणि दाढ काढलेल्या खड्ड्यात वाकड्या तोंडाच्या सिरिंजनं कोमट मिठाचं पाणी मारलं. डाळीचा कण निघाला. "निघाला चोर!" किल्ला जिंकल्यागत ओरडली. "मिटा आता." मी मिटलं. संध्याकाळी चहा ठेवता ठेवता ती गेली.

मी रेल्वेतला खलाशी, इंजिनाखाली लोळलेला, पण सुई दिसली की आधी दार शोधायचो. चिक्कडपल्लीच्या दातवाल्या डॉक्टरकडून एकदा पळूनही आलो होतो. पुढच्या खेपेला ही सोबत आली आणि सोयरीक जुळवायला आल्यासारखी एकेक सिरिंज बघायला लागली. अंगठा कडीत अडकवून धरायची ती लोखंडी सिरिंज बघून म्हणाली, "हे जावईबापू. अंगठीशिवाय हलायचे नाहीत." खुर्चीला लटकलेलीचं एक बटण दाबलं की वारा, दुसरं दाबलं की पाणी, दोन्ही दाबली की तोंडावर फवारा. "ही नणंद." पूर्वी उकळत्या पाण्यातून निघायची ती काचेची सिरिंज, म्हणजे सासूबाई, मात्र दिसेना. डॉक्टर हसले, "वो रिटायर हो गई, अम्मा. अब पाकिटवाली आती. एक बार लगाए, फेंक दिए."

त्या दिवसांत सगळंच पाकिटातून यायला लागलं होतं, शाम्पूसुद्धा. पण ही भडकली. "घरात आलेल्या सुनेला असं फेकतात होय?"

मी खो खो हसलो. तेवढ्यात जावईबापू उघड्या तोंडात शिरले, मागून चिमटा. दाढ बाहेर! खड्डा धुवायला डॉक्टरनं वाकड्या तोंडाची प्लास्टिकची सिरिंज दिली. "ही सून मी नांदवणार," म्हणत ती रुमालात दाढ घेऊन जिना अशी उतरली, जणू वरातच निघाली.

मग रोज जेवल्यावर मोरी. "मिटा" म्हटल्याशिवाय मिटायचं नाही. एकदा दारात शेजारीण आली, ही गप्पांत रमली. शेजारणीनं आत डोकावून विचारलं, "भाऊंना काय झालं वो?"

"काही नाही. उघडे राहिलेत."

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी आणलेला पिठलंभात मला बळंच खायला घातला. मी उठून मोरीत गेलो, सिरिंज भरली आणि पहिल्याच फटक्यात भाताचं शीत बाहेर काढलं.

"निघाला चोर!" मी ओरडलो.

मी पुन्हा आ करून बसलो. "मिटा" कुणी म्हणेना. मग मीच मिटलं.